पिवळ्या भिंतीतली मिशी

उंद्रीच्या किसनराव सरांनी उभ्या आयुष्यात एकच भाषण केलं, पण ते इतक्या वेळा केलं की गावातल्या पोरांना पुढचं वाक्य आधीच पाठ असायचं. "मुलगा आणि मुलगी यांत भेद करणारा माणूस हा माणूसच नव्हे!" असं म्हणून सर टेबलावर मूठ आपटत आणि ग्लासातलं पाणी शेजारी बसलेल्या पाहुण्याच्या मांडीवर सांडे. महिला दिनाला ते व्हायचं, शाळेच्या गॅदरिंगला व्हायचं, आणि एकदा तर बोअरवेलच्या उद्घाटनालाही झालं होतं. सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, भाषण काही निवृत्त झालं नाही. बरं, माणूस नुसता बोलणारा नव्हता. एकुलती एक लेक श्रद्धा, तिला शिकवून पुण्याला नोकरीला लावली होती. गावात कोणी नात झाली म्हणून तोंड पाडून बसला की लोक म्हणत, "याले किसन सरापाशी नेऊन बसवा."

अशा माणसाला मनातून नातू हवा असेल, हे कोणाला सांगून पटलं नसतं. खुद्द सरांनाही पटत नव्हतं. पण हवा होता, आणि त्याची त्यांना इतकी लाज वाटायची की आरशासमोर दाढी करतानासुद्धा ते त्या विषयावर विचार करत नसत.

श्रद्धाला सातवा लागला तेव्हा शारदाबाई तिला आणायला पुण्याला गेल्या आणि सर घरात एकटे राहिले. बायको घरात नसली की नवऱ्याला काहीतरी सुचतं, आणि ते बहुधा सुचायला नको तेच असतं. त्यात नेमका देवेश पेंटर फाटकावरचं नाव रंगवायला आला. देवेश सरांचा जुना विद्यार्थी. सातवीत त्यानं गणिताच्या पेपरात उत्तरांऐवजी सरांचं चित्र काढलं होतं, आणि ते इतकं हुबेहूब उतरलं होतं की सरांना मारायलाही हात उचलवेना. शेवटी पासच केला.

"सर, फाटक झालं. ऑइल पेंट उरला थोडा," देवेश ब्रश पुसत म्हणाला. "लेकराच्या खोलीत काही काढू काय?"

"काय काढशीन?"

"घोडा काढतो. माह्यासारखा घोडा तालुक्यात कोणी काढत नाही."

"काढ मंग घोडा."

घोडा झाला. खरंच देखणा झाला. देवेशनं मान वाकडी करून विचारलं, "रिकामाच ठेवू, का कोणी बसवू वरती?"

सरांनी उगाच मागे वळून पाहिलं. घरात चिटपाखरू नव्हतं. "बसव," ते हळूच म्हणाले.

एकदा बाळ बसवल्यावर त्याला फेटा आला, फेट्याला तुरा आला, हातात तलवार आली. "तलवार जराशी मोठी कर," हे वाक्य आपल्याच तोंडून निघालेलं सरांनी ऐकलं. शेवटी देवेशनं हौसेनं त्या गोबऱ्या गालांच्या बाळाच्या ओठावर पिळदार मिशी काढली.

"अबे, लेकराले मिशी?"

"सर, रुबाब येते."

सरांनी दोन पावलं मागं सरून पाहिलं. रुबाब आला होता. मग देवेशनं खाली लालभडक अक्षरांत लिहिलं, 'या, बाळराजे!', आणि सरांनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर सर एकटेच भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले आणि चांगला तासभर हसत राहिले. खोटं कशाला सांगा, फार वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी श्रद्धाचा फोन आला, तेव्हाही सर त्याच खुर्चीत होते.

"बाबा, आई म्हणे तुम्ही बाळाची खोली रंगवणार हा. मंग माहं ऐका. निळा नको अन् गुलाबीबी नको."

"निळ्यात काय वाईट हाय वं?"

"निळा पोराचा असते, गुलाबी पोरीचा. आजकाल तसंच मानतात."

"हे कोणी ठरवलं? आपल्या शाळेचा ड्रेस निळा होता. पोरीबी निळ्यातच होत्या."

"तेच तर म्हणून राह्यली मी!" श्रद्धा हसली. मग तिचा आवाज जरा खाली आला. "बाबा, मलकापूरहून सासूबाईचा रोज फोन येते. पहिला पोरगाच झाला पाह्यजे, अमका अंगारा लाव, तमकं फळ खाय. हर्षल आईपुढं काही बोलत नाही. जीव कंटाळला माहा. जगात एक तरी खोली अशी पाह्यजे ना, जिथं माह्या लेकराची वाट पाहून राह्यले, पण त्यानं काय होऊन यावं हे कोणी ठरवून ठेवलं नाही. म्हणून तुमच्याकडे येऊन राह्यली मी. न्यूट्रल ठेवा खोली. पिवळी चालन."

समोर बाळराजे तलवार उगारून बसले होते. सरांनी नजर वळवली. "हाव," ते म्हणाले.

फोन ठेवल्याबरोबर त्यांनी देवेशला बोलावलं. देवेशनं भिंतीवर नख घासून पाहिलं. "सर, ऑइल पेंट हाय हा. घासा लागन, प्रायमर मारा लागन. चार-पाच दिवस धरा."

"परवा येऊन राह्यल्या त्या मायलेकी!"

"मंग वरून डिस्टेंपरचे दोन हात मारतो. दिसाले काही दिसणार नाही. फक्त पाण्यापासून जपा."

"भिंतीवर पाणी कोण टाकते बे?" सर करवादले. "मार लवकर. अन् कोणापाशी बोलू नको."

"मी काऊन बोलू सर? तुम्ही मले गणितात पास केलं होतं."

घोडा गेला, फेटा गेला, तलवार गेली. मिशी मात्र दुसऱ्या हातालाही जरा सावलीसारखी दिसत होती, तेव्हा देवेशनं तिच्यावर एक पिवळाधमक सूर्य काढला. चार चांदण्या काढल्या, एक ढग काढला. सरांनी चिखलीहून लाकडी खुळखुळा, कापडी हत्ती आणि पिवळी दुपटी आणली. बाहुली नाही, मोटार नाही. खोली अशी झाली की तीत कोणीही जन्माला यावं.

श्रद्धा आली, दारातच थांबली आणि तिचे डोळे भरले. "बाबा," ती म्हणाली, "मी ऑफिसात सगळ्यांले सांगते, माहे बाबा वेगळे हायत." आणि तिनं सरांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. सरांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. खांद्यावरून त्यांना नेमका तो सूर्य दिसत होता, आणि त्या सूर्याखाली काय आहे हे फक्त त्यांना ठाऊक होतं.

गावात अशी गोष्ट झाकून राहत नाही. बायका एकेक करून खोली पाहून जाऊ लागल्या. शेजारच्या चांगुणाबाई, ज्यांच्याशिवाय गावात एक बारसं होत नाही, त्या चष्मा सारखा करून म्हणाल्या, "न्यूट्रल म्हंजे काय वो सर? आमच्या ट्रॅक्टरले असते ते?"

"म्हणजे, मुलगा असो की मुलगी, दोघांचं सारखंच स्वागत," सर म्हणाले. भाषणातलंच वाक्य होतं, पण पहिल्यांदाच ते म्हणताना जीभ अडखळली.

"म्हंजे गिअर टाकलाच नाही अजून," चांगुणाबाईंनी मान डोलावली.

आणि मग आल्या सुवर्णाताई. सुवर्णाताई गावच्या आशा कार्यकर्त्या. पोटातलं लेकरू मुलगा की मुलगी हे तपासणं गुन्हा आहे, असं घरोघर सांगून त्यांचा घसा बसला होता, आणि सरांच्या भाषणावर त्यांचा फार जीव होता. खोली पाहून त्या हरखूनच गेल्या. "सर, असं उदाहरण तालुक्यात नाही! डोहाळजेवणाच्या दिवशी मी व्हिडिओच काढते. 'आदर्श आजोबा' म्हणून आमच्या ग्रुपवर टाकते."

"राहू द्या ना ताई, कायले—"

"बाबा लाजून राह्यले," श्रद्धा कौतुकानं म्हणाली. सर खरोखरच लाजत होते, फक्त वेगळ्या कारणानं.

डोहाळजेवण ठरलं ते मे महिन्यात. वऱ्हाडातला मे काय असतो ते वऱ्हाडातल्यालाच विचारावं. मलकापूरहून विहीणबाई रुख्मिणीबाई हिरवी साडी, फळांची टोपली आणि अंगाऱ्याच्या तीन पुड्या घेऊन हजर झाल्या. कार्यक्रम बाळाच्याच खोलीत, असा श्रद्धाचा हट्ट. दहा बाय बाराच्या त्या खोलीत गावातल्या पंचवीस-तीस बायका शिरल्या, मधोमध फुलांनी मढवलेली श्रद्धा बसली, आणि पाच मिनिटांत सगळ्यांची पावडर ओघळायला लागली.

"अव्वो, जीव जाते इथं!" आतून आवाज आला. "सर, कूलर लावा ना!"

सरांचा कूलर जुना, पत्र्याचा, ढोलाएवढा. त्याला एक खोड होती. पाणी काठोकाठ भरलं की तो वाऱ्याबरोबर तुषार फेकायचा. सरांनी पाहुण्या बायकांना काही कमी पडू नये म्हणून पाच बादल्या ओतल्या, खिडकीत कूलर लावला आणि बटण फुल्ल केलं. गार वारा सुटला तशी आतून "हाऽ" असा सुस्कारा आला, आणि पाठोपाठ ओरडा.

"बाप्पा! साड्या भिजून राह्यल्या! पैठणी हाय माही! तोंड फिरवा त्याचं!"

सर लगबगीनं आत आले, बायकांची क्षमा मागितली आणि कूलरच्या पट्ट्या धरून त्याचं तोंड फिरवलं. एका बाजूला श्रद्धा होती, एका बाजूला बायका. मग उरली ती समोरची भिंत. तुषार थेट सूर्यावर जाऊ लागले. बायकांची सोय झाली या आनंदात सर बाहेर मंडपात पुरुषांची पंगत पाहायला निघून गेले. आपण काय करून आलो, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

आत ओटी भरली गेली. चांगुणाबाईंनी डोहाळ्याचं गाणं धरलं. सुवर्णाताई मोबाइल उभा धरून व्हिडिओ काढत होत्या. पहिलं कडवं संपेपर्यंत सूर्य ओघळायला लागला. दुसऱ्या कडव्याला चांदण्या खाली उतरल्या. तिसरं कडवं चांगुणाबाईंनी अर्ध्यातच सोडलं.

"अव माय!" त्या भिंतीकडे बोट करून म्हणाल्या. "भिंतीले मिशी आली!"

सगळ्या माना वळल्या. खरंच आली होती. पिवळं पाणी खाली वाहत होतं आणि त्यातून एक काळीभोर पिळदार मिशी, नुसती मिशीच, वर येत होती. मग तिच्याभोवती गोबरे गाल आले. मग फेटा आला. तलवार आली, तिला जरा वेळ लागला, कारण ती मोठी होती. खालून घोड्याचे कान निघाले. आणि सगळ्यात शेवटी लाल अक्षरं एकेक करून उघडी पडली. बायकांनी ती शाळेतल्यासारखी मोठ्यानं एकत्र वाचली, "या... बाळ... राजे!"

पुढच्या क्षणी रुख्मिणीबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी श्रद्धाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "अगं माही गुणाची सून! टेस्ट केली न् सांगितलंबी नाही! पोरगाच हाय ना?"

"मी कुठलीही टेस्ट केलेली नाही," श्रद्धा म्हणाली. ती पुण्याचं बोलली. श्रद्धाचं असंच होतं. जीव खुशीत असला की उंद्रीचं बोलायची आणि रागावली की भाषा थेट पुण्याला पोचायची.

"मंग भिंतीले कसं मालूम?" चांगुणाबाईंचा सवाल बिनतोड होता.

सुवर्णाताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी सरांना हाक मारून आत बोलावलं. सर हसत हसत आले, भिंत पाहिली, आणि हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं कसं तेच त्यांना सुचेना.

"सर," सुवर्णाताई हळू आवाजात म्हणाल्या, "पोरगा हाय हे तुम्हाले कोणत्या डॉक्टरनं सांगितलं? हा गुन्हा हाय सर. मले वर कळवा लागन. श्रद्धाताईलेबी विचारतीन, जावयालेबी विचारतीन. तुम्ही असं कराल असं सपनातबी वाटलं नव्हतं."

माणूस अडचणीत सापडला की आधी लहानात लहान खोटं शोधतो. "हे... हे देवेशनं काढलं," सर म्हणाले. "त्यानं आपल्या मनानंच—"

देवेश मंडपात तिसऱ्यांदा बुंदी घेत होता. त्याला पानावरून उठवून आणला. त्यानं भिंत पाहिली आणि पहिल्यांदा तो पेंटर म्हणून हळहळला. "पाणी लागलं ना सर? मी सांगतलं होतं, जपा म्हणून."

"हे तुह्या मनानं काढलं काय रे?" शारदाबाईंनी विचारलं.

देवेशनं सरांकडे पाहिलं. बोलायचं नाही असा शब्द दिला होता. पण खोटं बोल असं तर सर शाळेत कधीच म्हणाले नव्हते. "घोडा माह्या मनानं," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मिशीबी माह्याच मनानं. तलवार मोठी कर, हे सर म्हणले."

सरांनी श्रद्धाकडे पाहिलं. ती फुलांचा मुकुट घालून, ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि एकटक त्यांच्याकडे पाहत होती. अजूनही तिला वाटत होतं की बाबा काहीतरी सांगतील आणि सगळं नीट होईल. गप्प राहिलं तर लेकीवर गुन्ह्याचा संशय. बोललं तर स्वतःच्या तोंडाला स्वतःच काळं. सरांनी सवयीनं मूठ वळली, पण आपटायला टेबल नव्हतं.

"टेस्ट-बिस्ट काही नाही," ते म्हणाले. "कोणाले काही माहीत नाही. डॉक्टरलेबी नाही, पोरीलेबी नाही. मले... मले नातू पाह्यजे होता. म्हणून मी ते काढाले लावलं. श्रद्धाचा फोन आला तशी लाज वाटली, मंग झाकलं. बस, एवढंच हाय."

आपल्याला आता बायका बोल लावतील, असं सरांना वाटलं. खरं तर त्यांची तशी इच्छाच होती. सुवर्णाताईंनी तरी निदान दोन शब्द ऐकवावेत. पण झालं भलतंच. खोलीत एक मोठा सुस्कारा सुटला आणि सगळ्या खळखळून हसल्या.

"येवढंच ना!" चांगुणाबाई म्हणाल्या. "त्यात काय लाजता वो सर? कोणाले नाही पाह्यजे नातू? आमाले वाटे, का तुम्ही काही वेगळेच हा. आपल्यातलेच निघाले, बरं झालं बाप्पा!"

"याहीबुवा, तुमचं न् माहं मन एक निघालं!" रुख्मिणीबाईंनी आनंदानं अंगाऱ्याची एक पुडी त्यांच्या हातावर ठेवली.

एवढी वर्षं ज्या लोकांना सर समजावत आले होते, त्यांनी त्यांना उराशी धरलं होतं. याच्याइतकी लाज त्यांना जन्मात कधी वाटली नव्हती.

"सर, व्हिडिओ बंद करू काय?" सुवर्णाताईंनी विचारलं.

"चालूच होता?"

"हाव."

तो त्यांनी पुसला, बिचाऱ्या. पण खोलीत तीस बायका असल्यावर गावाला व्हिडिओची गरज नसते. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवरच्या हॉटेलात एकानं सरांसाठी चहा सांगितला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "सर, इतके दिवस तुमच्यासमोर बोलाची भीती वाटे. आता मोकळं झालं." सरांनी तो चहा अर्धाच पिऊन ठेवला.

घरात त्याहून वाईट होतं. बायका गेल्यावर श्रद्धानं फुलं उतरवली, बॅग भरली आणि म्हणाली, "बाबा, मी मलकापूरला जाते."

"अगं, त्या तर उघडउघड पोरगाच—"

"हो. तिथे निदान तोंडावर बोलतात."

शारदाबाईंनीच चिखलीच्या डॉक्टरीणबाईंचं आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांचं नाव काढून तिला थांबवलं. पण त्या खोलीत तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही. आईजवळ झोपायची, बाबांशी "हो", "नाही", "ठेवा तिथे" एवढंच बोलायची, आणि तेही पुण्याचं. शारदाबाईंनी एकदा भाकरी थापता थापता पाठमोरंच विचारलं, "श्रद्धा झाली तवाबी तुमच्या मनात असंच होतं काय?"

"नाही वं. देवाशप्पथ नाही. तवा मी नाचलो होतो, तुलेबी मालूम हाय."

"मंग आता काय झालं?"

"मलेबी समजत नाही. म्हातारा झालो वाटते."

शारदाबाईंनी भाकरी उलटली. "नुसते म्हातारे झाले असते तर चाललं असतं," त्या म्हणाल्या.

महिला दिनाच्या कार्यक्रमात मिळालेली मानाची शाल सरांनी कपाटाच्या तळाशी नेऊन ठेवली. रोज दुपारी ते त्या बंद खोलीत जाऊन बसत. अर्धवट धुपलेल्या भिंतीतून बाळराजे त्यांच्याकडे पाहत, आणि सरांना वाटे, आता हाच एक उरला आपल्याशी बोलायला. देवेशला बोलावून भिंत पुन्हा झाकायचीही हिंमत होत नव्हती. काय तोंडानं बोलावणार?

जूनमध्ये चिखलीच्या दवाखान्यात श्रद्धा बाळंत झाली. नर्स दार उघडून म्हणाली, "मुलगी झाली. दोघीबी चांगल्या हायत." रुख्मिणीबाईंनी लगेच पदर सावरला. "असू द्या. लक्ष्मी आली," त्या म्हणाल्या. तो आवाज सरांच्या चांगला ओळखीचा होता. पीक हातचं गेल्यावर शेजारी जसं समजावतात तसा तो आवाज होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांच्या स्वतःच्या आतही काहीतरी खाली बसलं होतं. ते त्यांना स्पष्ट कळलं, आणि ते मान खाली घालून दवाखान्याच्या बाहेर गेले.

परत आले तेव्हा हातात पेढ्यांचा मोठा पुडा होता. मिठाईवाल्यानं मुलगी म्हटल्यावर आपणहून बर्फी तोलायला घेतली होती, ती त्यांनी परत ठेवायला लावली होती. "रुख्मिणीबाई, लक्ष्मी-बिक्ष्मी काही नाही," ते म्हणाले. "पोरगी झाली. पेढा घ्या." मग ते श्रद्धाच्या खाटेशी गेले. बाळ पिवळ्या दुपट्यात होतं. त्यानं सरांकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि सटासट शिंकलं. कपाळावर आठी होती, थेट सरांच्या आईसारखी.

"श्रद्धा," सर म्हणाले, "तुले तोंडावर सांगतो. नर्स बोलली तवा मले वाईट वाटलं. एक मिनिट. खोटं नाही बोलत."

श्रद्धानं त्यांच्याकडे पाहिलं. "एकच मिनिट?"

सरांनी विचार केला. "दीड असन."

तिला हसू फुटलं. टाके दुखत होते म्हणून पोट धरून हसली. "घ्या," म्हणून तिनं पोरगी त्यांच्या हातात दिली.

त्या दिवशी घरी आल्या आल्या सरांनी देवेशला फोन लावला. यावेळी काटकसर नाही, घाई नाही. देवेशनं भिंत पुसली, वाळवली, चित्रावरूनच प्रायमर मारला, वरून महागाचा धुवायचा रंग तीनदा फिरवला. "सर, आता पाईप लावून धुवा," तो छाती काढून म्हणाला. "सात पिढ्या निघत नाही. गॅरंटी!" भिंत अशी पिवळीधमक झाली की जणू तिच्यावर कधी काही नव्हतंच. सरांचा जीव भांड्यात पडला.

श्रद्धा लेकीला घेऊन घरी आली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच तिनं त्या खोलीचं दार ढकललं, आत गेली आणि भिंतीकडे पाहून थबकली. सर तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"बाबा, ते कुठी गेलं?"

"पुसलं. चांगलं पक्कं पुसलं," सर घाईघाईनं म्हणाले. "आता दिसत नाही कधी."

"अन् काऊन पुसलं वो बाबा?" श्रद्धाच्या आवाजात हळहळ होती, पण बोलणं उंद्रीचं होतं. "मले तर ते हिले दाखवाचं होतं. आजोबानं हिच्यासाठी घोडा काढून ठेवला होता, तलवारबी मोठी करून घेतली होती. सगळं हिचंच होतं ते. मिशी तेवढी काढाची होती."

आणि पोरीला पाळण्यात ठेवून ती पाणी प्यायला निघून गेली.

संध्याकाळी शारदाबाई आत आल्या तेव्हा कूलर भिंतीकडे तोंड करून जोरात चालू होता. टाकी काठोकाठ भरलेली होती. सर खुर्ची टाकून भिंतीसमोर बसले होते.

"कूलर तिकडे काऊन फिरवला?"

"पोरीच्या अंगावर वारा लागू नये म्हणून," सर म्हणाले.

भिंतीवरून पाणी स्वच्छ ओघळत होतं. रंगाचा एक कणही सुटत नव्हता. सरांनी उठून बोटानं जरा घासून पाहिलं, मग नखानं घासून पाहिलं, आणि मुकाट्यानं आणखी एक बादली आणायला गेले.